संग्रहालयात बिअर-सायडर महोत्सव भरवायचा, तर आधी काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका लहान औद्योगिक संग्रहालयाच्या मित्रमंडळात तुम्ही स्वयंसेवक आहात. निधी उभा करायला गुरुवार ते शनिवार असा तीन दिवसांचा बिअर आणि सायडर (सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य) महोत्सव भरवायचं ठरतंय. तीन दिवसांत मिळून हजारेक माणसं येतील असा अंदाज आहे. बिअर किती आणि कोणत्या मागवायच्या, परवाना कोणता काढायचा आणि संग्रहालयातल्या वस्तूंना धक्का न लावता हे जमवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. अशा महोत्सवांत पिंपं सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे त्याच बाजूने उत्तर देतो.

पहिल्यांदा महोत्सव करणारी समिती बैठकांमागून बैठका बिअरची नावं निवडण्यात घालवते. पिंपं कुठे आणि किती दिवस स्थिर राहणार, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात निघतो. हा क्रम उलटा करा. संग्रहालयाच्या व्यवस्थापकांकडे महोत्सवाचे तीन दिवस मागू नका, सोमवार ते रविवार असा अख्खा आठवडा मागा. तो मिळत नसेल तर कार्यक्रम पुढे ढकला किंवा फक्त सायडर आणि बाटलीबंद बिअर ठेवा. जिवंत बिअर घाईत चांगली देता येत नाही.

जिवंत म्हणजे काय, ते सांगतो. तुम्ही ज्या कास्क, म्हणजे पिंपातल्या, बिअरबद्दल विचारताय तिच्यात यीस्ट असतं आणि पिंपात आल्यावरही ती थोडी आंबत राहते. ही बिअर टिकावी म्हणून १९७१ मध्ये काम्रा ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. केंब्रिजचा महोत्सव १९७४ पासूनचा आहे आणि ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल पहिल्यांदा १९७७ मध्ये लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये भरला. आज गावोगावी जे महोत्सव होतात त्यांचा साचा तिथून आला: घडवंचीवर आडवी पिंपं, काउंटरमागे बिनपगारी माणसं आणि हातात खुणेच्या रेघांचा ग्लास. संग्रहालयंही या साच्यात बसली आहेत. शेफील्डच्या काम्रा शाखेने आपला स्टील सिटी महोत्सव केलहॅम आयलंड संग्रहालयात भरवलेला आहे. तिथे १९०५ सालचं रिव्हर डॉन हे १२,००० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन उभं आहे आणि आजूबाजूच्या वस्तीत बिअरचं नाव मोठं आहे. केलहॅम आयलंड ब्रुअरीची पेल रायडर ही बिअर २००४ मध्ये ब्रिटनची सर्वोत्तम ठरली होती. पोलाद आणि बिअर एकाच मोहल्ल्यातली, म्हणून तिथे हे जुळून येतं. तुमच्या संग्रहालयाला असा धागा असेल तर तो धरा. नसेल तर ओढूनताणून आणू नका, लोक बिअरसाठीच येणार आहेत.

आता पिंपाकडे. बहुतेक महोत्सवांत फर्किन चालतं: ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, सुमारे ४१ लिटर. त्याच्या निम्मं ते पिन, ३६ पाइंटचं. दुप्पट ते किल्डरकिन. भरलेलं फर्किन ५० किलोच्या वर जातं, त्यामुळे ते एकट्याने उचलायचं नाही, हे स्वयंसेवकांना पहिल्या दिवशीच बजावा. पाठ धरलेला माणूस तीन दिवस कामाचा राहत नाही.

पिंप सोमवारी किंवा फार तर मंगळवारी सकाळी यायला हवं. ते घडवंचीवर आडवं ठेवायचं, पोटावरचं बूच वर आणि तोटीचं बूच समोर खाली. दोन्ही बाजूंनी पाचरी मारून ते घट्ट करायचं आणि त्यानंतर कुणीही त्याला हात लावायचा नाही. प्रवासात ढवळलेला गाळ खाली बसायला एक ते दोन दिवस लागतात. बहुतेक बिअरमध्ये इझिंग्लास नावाचा माशाच्या वायुपिशवीपासून काढलेला पदार्थ घातलेला असतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसा तो यीस्टला धरून खाली बसवतो. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. पिंप पुन्हा पुन्हा हललं तर काही वेळांनंतर तो कामच करेनासा होतो आणि उष्णता त्याला सोसत नाही. खिडकीतून ऊन येणाऱ्या जागी ठेवलेलं पिंप संध्याकाळपर्यंत गढूळच राहिलं, तर बिअर बनवणाऱ्याला दोष देऊ नका.

स्थिर झालं की वरच्या बुचात मऊ लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकायची. तिच्यातून जास्तीचा वायू बाहेर पडतो. काही बिअर इतक्या उसळतात की फेस छतापर्यंत उडेल असं वाटतं, म्हणून खाली बादली आणि हाताशी फडकं हवंच. खुंटीवर आलेला फेस पुसा. तो पुन्हा जमायला काही सेकंद लागू लागले की मऊ खुंटी काढून कडक खुंटी बसवा, म्हणजे उरलेला वायू आत राहील. तो गेला तर बिअर पाणचट लागते. तोटी विक्रीच्या आदल्या दिवशी ठोकायची, एका ठाम घावात. भीत भीत टकटक केली की बिअर अंगावर येते. मग थोडी काढून उजेडात धरा, वास घ्या, चव घ्या. व्हिनेगरचा वास किंवा लोण्यासारखी चव आली तर ते पिंप बाजूला ठेवा आणि पुरवणाऱ्याला त्याच दिवशी कळवा, रविवारी नाही. बर्टन या इंग्लिश गावच्या बिअरला येणारा गंधकाचा हलका वास मात्र तिच्या मूळ पाण्यातल्या जिप्समचा असतो, तो दोष धरू नये. विक्री चालू असताना कडक खुंटी काढलेली हवी, नाहीतर हवा आत जाणार नाही आणि तोटीतून धार येणार नाही. रात्री बंद करताना ती परत ठोका. पिंप निम्म्यावर आलं की मागची बाजू अगदी हळू उचलून त्याला कल द्या. शेवटच्या चार ग्लासांत हे केलं तर सगळा गाळ वर येतो.

तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस. संग्रहालयाचा प्रश्न खरा इथेच सुरू होतो. तळघर असलेल्या पबला हे सोपं आहे, इंजिनघराला नाही. जुनी माणसं सांगतील की पिंपांवर ओली पोती टाका, बाष्पीभवनाने थंड होतील. मोकळ्या तंबूत हा उपाय उत्तम आहे. पण संग्रहालयाच्या दालनात ते पाणी हवेत जातं. दालनातली आर्द्रता वर जाते, त्यात चारशे माणसांचे श्वास मिळतात, आणि लोखंडी यंत्रांवर गंज, कागदावर आणि कापडावर बुरशी अशी किंमत मोजावी लागते. म्हणून थंड पाणी खेळवणाऱ्या नळ्या पिंपावर बसवून वरून उष्णतारोधक जॅकेट घालण्याची पद्धत भाड्याने घ्या. ती महाग आहे, पण जिथे पैसा वाचवायचा नाही अशा थोड्या गोष्टींत ती मोडते. पाणी थंड करणारं यंत्र स्वतः गरम हवा सोडतं, तेव्हा ते दालनाबाहेर ठेवा. आणि इंजिन वाफेवर चालवून दाखवणार असाल तर घडवंची त्याच खोलीत नको. लोकांना एकाच वेळी दोन्ही दिसावं ही इच्छा मला समजते, पण बॉयलरशेजारी बिअर थंड राहत नाही.

जागा ठरवायच्या आधी संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरबरोबर एक फेरी मारा. समितीने ठरवून मग त्यांना कळवणं, असा उलट प्रकार नको. तीन गोष्टी विचारा. जमीन किती वजन पेलते? तीसेक फर्किन म्हणजे एका ओळीत दीड टनाहून जास्त भार, आणि जुन्या लाकडी मजल्यावर तो चालेलच असं नाही. दुसरं, दुसऱ्या संस्थेकडून उसन्या आणलेल्या वस्तू कोणत्या दालनात आहेत? त्यांच्या करारात खाण्यापिण्याला बहुधा सक्त मनाई असते, तेव्हा ती दालनं बंदच ठेवा. तिसरं, सांडपाणी कुठे जातं? उरलेली बिअर आणि पिंप धुतलेलं पाणी मैलापाण्याच्या गटारातच गेलं पाहिजे. पावसाच्या पाण्याची गटारं थेट नदीत उघडतात आणि बिअर कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. त्यात मासे मरतात आणि तो गुन्हाही आहे. जुनी कारखानी संग्रहालयं बहुतेक नदीकाठीच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

परवान्याचं सांगतो. संग्रहालयाकडे स्वतःचा दारूविक्री परवाना असेल तर त्याच्या अटी वाचा आणि त्यातच बसा. नसेल तर इंग्लंड-वेल्समध्ये २००३ च्या कायद्याखाली टेम्पररी इव्हेंट नोटिस, म्हणजे तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना, द्यावी लागते, शुल्क २१ पौंड. ती स्थानिक कौन्सिलला किमान १० कामाचे दिवस आधी पोचली पाहिजे, आणि त्या दहांत नोटिशीचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस धरत नाहीत. पोलीस आणि पर्यावरण-आरोग्य विभाग आक्षेप घेऊ शकतात, म्हणून दोन महिने आधीच त्यांना फोन करून बोलून घ्या. एका वेळी आत फार तर ४९९ माणसं, आणि या आकड्यात तुमचे स्वयंसेवक, वादक, पोलीस असतील तर तेही आले. हे हमखास विसरलं जातं. साठ स्वयंसेवक असतील तर तिकिटं ४३९ चीच. तुमच्या हजार लोकांना त्यामुळे अडचण नाही, कारण ते तीन दिवसांत विभागले जातील, पण शनिवार दुपारचं गणित दारावर मोजणी ठेवूनच करा. आणखी एक खाच: एकाच जागेला वर्षभरात अशा नोटिशींखाली २१ दिवसच मिळतात. संग्रहालय लग्नांसाठी भाड्याने देत असेल तर त्यातले दिवस आधीच संपलेले असू शकतात. स्कॉटलंडमध्ये ही पद्धत नाही, तिथे ऑकेजनल लायसन्स काढतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, किती मागवायचं. हिशेबासाठी मी माणशी अडीच पाइंट धरतो. हजार लोकांचे अडीच हजार पाइंट होतात. त्यातला सातवा हिस्सा सायडरचा धरा. फर्किनमधून गाळ वजा जाता ६८ पाइंट हाती लागतात असं धरलं, तर एकतीस-बत्तीस फर्किन बिअर आणि २० लिटरच्या दहा-अकरा पेट्या सायडर. तुमच्या समितीने साठ बिअरची यादी केली आहे असं लिहिलंय. निम्मी करा. न उघडलेलं पिंप ब्रुअरी सहसा परत घेत नाही आणि उघडलेलं तीन दिवसांनी नुसतं आंबट पाणी असतं. यादी लांब असण्याचा अभिमान शनिवारी रात्री गटारात ओतावा लागतो.

निवडताना रंग आणि कस (अल्कोहोलचं प्रमाण) यांचा तोल बघा. पेल आणि गोल्डन एल या फिकट बिअर सगळ्यात जास्त खपतात, त्या दहा-बारा घ्या. बिटर सात-आठ. माइल्ड दोन तरी हव्यात, कमी कसाची गडद बिअर दुपारी येणाऱ्या जुन्या जाणत्यांना लागते. स्टाउट आणि पोर्टर या काळपट बिअर मिळून पाच-सहा. बार्ली वाइन नावाची जड, कडक बिअर असेल तर पिनमध्येच मागवा, ती कुणी पाइंटभर पीत नाही. अर्ध्याहून जास्त ब्रुअरी तासाभराच्या अंतरातल्या असाव्यात. वाहतुकीचा खर्च वाचतो, पिंप कमी हलतं, आणि ब्रुअर स्वतः येऊन काउंटरमागे उभा राहिला तर त्याची बिअर दुप्पट वेगाने जाते.

एक तृतीयांश पिंपं राखून ठेवा. त्यांचा वायू सोडून कडक खुंटी मारून ठेवली तर ती शनिवारपर्यंत सुखाने थांबतात. शुक्रवारी रात्री सगळं विकून टाकणारे महोत्सव मी पाहिलेत. शनिवारी तिकीट काढून आलेल्या माणसासमोर तीन गढूळ बिअर उरलेल्या असतात आणि तो पुढच्या वर्षी येत नाही. काही संयोजक म्हणतात, पहिल्या दिवसापासून सगळी यादी खुली हवी. मोठ्या महोत्सवात ते ठीक, तुमच्या आकाराला नाही.

शाकाहारी आणि व्हीगन लोक माशाच्या पदार्थाबद्दल विचारणारच. इझिंग्लास न घातलेल्या, थोड्या धूसर दिसणाऱ्या बिअर आता पुष्कळ मिळतात, पाच-सहा घ्या आणि फलकावर तसं स्पष्ट लिहा. ॲलर्जीच्या यादीत बिअर-वाइन निवळायला वापरलेला इझिंग्लास दाखवण्याची कायद्याने सक्ती नाही, तरी विचारणाऱ्याला खरं उत्तर द्यायला माणूस हवा. जव, गहू, ओट हे मात्र दाखवावेच लागतात. मिल्क स्टाउटमधली दुधाची साखर आणि सायडरमधले सल्फाइट यांचंही तसंच.

सायडरला लोक दुय्यम मानतात, तिथे फसतात. तिचा काउंटर वेगळा ठेवा आणि तिथे सायडर जाणणाराच माणूस उभा करा. ब्रिटनमध्ये कायद्याने सायडर म्हणवून घ्यायला ३५ टक्के रस पुरतो. तुम्ही मात्र सांद्र रसातून पाणी घालून केलेली नको, ताज्या दाबलेल्या सफरचंदांच्या पूर्ण रसाचीच मागा. हेरेफर्डशायर आणि सॉमरसेटकडची डॅबिनेटसारख्या कडू-गोड आणि किंग्स्टन ब्लॅकसारख्या कडू-आंबट सफरचंदांची असते, तिला तुरटपणा आणि भरीव चव असते. केंट आणि ईस्ट अँग्लियाकडची खाण्याच्या आणि शिजवण्याच्या सफरचंदांची, हलकी आणि आंबट. दोन्ही ठेवा. फलकावर नावाआधी ड्राय (गोडी नसलेली), मीडियम की स्वीट ते मोठ्या अक्षरात लिहा. मीडियम सगळ्यात आधी संपते, तिच्या पेट्या दुप्पट घ्या. दोन-तीन पेरी, म्हणजे नाशपातीची, असू द्याव्यात. नाशपातीतली सॉर्बिटॉल ही साखर यीस्टला खाता येत नाही, ती तशीच पोटात जाते आणि जास्त पेरी प्यायलेल्याला लगबगीने धावायला लावते. हे विनोदाने सांगा, पण सांगा.

सायडरला निवळवण्याची खटपट नाही, पेटीतून यायची तर वायू सोडायचाही नाही. पण चव घेताना सावध राहा. एक दोष असा आहे की घोट घेताना काही कळत नाही आणि गिळल्यावर काही क्षणांनी तोंडात उंदराच्या पिंजऱ्यासारखा वास पसरतो. लाळेने आम्लता उतरली की तो सुटतो. काही लोकांना तो अजिबातच जाणवत नाही. म्हणून प्रत्येक पेटी किमान तिघांनी चाखावी. कस ६ ते ८ टक्के असतो, तेव्हा पाइंटऐवजी तिसरा हिस्सा आणि अर्धा हीच मापं पुढे करा. सुटी बिअर आणि सायडर कायद्याने तिसरा हिस्सा, अर्धा, दोन तृतीयांश आणि पाइंट याच मापांत विकता येते, म्हणून ग्लासवर या रेघा आणि मापाचा शिक्का असलेलेच ग्लास मागवा. ग्लासवर संग्रहालयाचं चित्र छापा. अनामत परत मागण्यापेक्षा लोक तो घरी नेतात आणि वर्ष मात्र छापू नका, उरलेले पुढच्या वेळी चालतील.

स्वयंसेवकांचं एकच सांगतो, बाकी तुम्हाला ठाऊक असेल. ज्यांच्या हातात यंत्र आहे त्यांनी यंत्र थांबेपर्यंत एक थेंबही घ्यायचा नाही, आणि हा नियम मित्रमंडळाच्या अध्यक्षांनाही लागू. वयाच्या बाबतीत पंचविशीच्या आतला दिसला की ओळखपत्र मागायचं. पाणी सगळीकडे फुकट आणि सहज दिसेल असं. शौचालयं कमी पडणारच, संग्रहालयाची सोय शाळेच्या सहलीच्या मानाने केलेली असते. भाड्याची मागवा आणि ती खर्चाच्या यादीत बिअरच्या वर लिहा.

रविवारी आवरताना रिकाम्या पिंपांच्या दोन्ही भोकांत लगेच बुचं ठोका. उघड्या पिंपात फळमाश्या तासाभरात शिरतात आणि ब्रुअरीही कुरकुर करते. सांडलेली सायडर साध्या पाण्याने पुसून चालत नाही, साखर फटींत राहते. फरशीच्या सांध्यांतून आणि यंत्रांच्या पायांभोवती कोमट पाण्याने दोनदा पुसून कोरडं करा, पण यंत्रांच्या धातूला कोणतं द्रावण लावायचं ते क्युरेटरलाच ठरवू द्या. दालनांतले किडे पकडायचे चिकट सापळे पुढचे चार-पाच आठवडे दर आठवड्याला बघायला सांगा. फळमाश्या दिसल्या तर त्रास तात्पुरता आहे. लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या दिसल्या तर धूळ, केस किंवा मेलेले किडे कुठेतरी साठलेत असं समजा आणि आधी भिंतीच्या कडा तपासा.